टॉवेलला व्हिसा लागत नाही

पोरगं दहावीला गेलं की त्याला शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची सवय हाताला लावून घ्या. पुढची तीस वर्षं हेच करायचंय. आधी पुणे, मग हिंजवडी, मग डल्लास. सोलापूर या यादीत कुठंच नाही, ते फक्त जन्मदाखल्यावर असतं.

पुण्याला पाठवायला हुतात्मा एक्स्प्रेस उत्तम. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी आपल्या ज्या चौघांना फासावर चढवलं, त्यांच्या नावाची गाडी. त्यांनाही येरवड्यालाच नेलं होतं. ते गाव मुक्त व्हावं म्हणून गेले, आपण त्याच नावाच्या गाडीनं गाव मोकळं करतोय. फरक बारीक आहे, बोलून दाखवू नका.

डॉक्टर कोटणिसांचं उदाहरण तर चुकूनही देऊ नका. सोलापूरचा हा माणूस १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ ला तिथंच वारला. पॅकेज न विचारता परदेशी जाणारा माणूस पोरांपुढं ठेवला, तर त्यांच्या करिअरचं काय?

घरात आजोबांचा विषयही टाळलेला बरा. तुम्ही विणकरांच्या पूर्व भागातले असाल तर जास्तच. १८७७ ला इथं जुनी मिल उभी राहिली, तिच्या पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, आणि तेलंगणातून विणकरांची घरंच्या घरं आली. म्हणजे निजामाच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात! कुणी बँक स्टेटमेंट मागितलं नाही, मराठी येतं का विचारलं नाही. नातवाला हे सांगितलं तर तो विचारील, “मग मला एवढ्या रांगा का?”

याचं सोपं उत्तर असं, की तू टॉवेल नाहीस. सोलापूरचा टेरी टॉवेल कंटेनरात बसून जगभर जातो. त्याला शुल्क लागतं, आणि २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं ते ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा कारखानदारांना घाम फुटला, हे खरं. पण टॉवेलला कुणी “परत कधी जाणार?” असं विचारत नाही. पोराला आधी लॉटरी लागावी लागते, अमेरिकेत नोकरीला जायच्या वर्षाला ८५,००० एच-वन-बी व्हिसांची. त्यात २०२५ च्या सप्टेंबरापासून बाहेरून नवा माणूस बोलवायचा तर कंपनीनं एक लाख डॉलर मोजायचे. तेवढ्यात किती यंत्रमाग येतील, हा हिशोब नवऱ्याला करू देऊ नका. रात्रभर झोपायचा नाही.

एवढं करून पोरगं गेलंच, तर मोठं घर बांधा. वरचा मजला त्याच्यासाठी. तो गड्ड्याच्या जत्रेला येईल म्हणून एसी बसवा. यंदा नाही आला, तर पुढच्या वर्षी. एसीवर सोलापुरी चादर घालून ठेवा, धूळ बसत नाही.

राहता राहिली खालची खोली. ती बिहारच्या पोरांना देऊ नका, असं सोसायटीत सगळ्यांनी ठरवून टाका. बाहेरचे लोक फार झालेत, असं तिथं मोठ्यानं म्हणा. तेलुगूत म्हणालात तरी चालेल, सगळ्यांना कळतं.

आम्ही दिली, तो आमचा गाढवपणा. फरशी बसवणारा आहे, विशीतला. रात्री गच्चीवर जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावतो, आणि ती बहुतेक जेवलास का हेच विचारत असावी, कारण तो ताटच कॅमेऱ्यापुढं धरतो. आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही भलत्या वेळी. परवा पहाटे तीनला आला. डल्लासला तेव्हा दुपार होती, पोरगं मीटिंगमध्ये. माझे गुडघे जिन्यावर अडलेले. खालून आवाज आला, “चाचाजी, बाल्टी दीजिए.”