खुलासा : भिंतीवरची बुरशी आणि भाडेकरूचा ‘निष्काळजीपणा’

‘भिंतीला बुरशी आली म्हणजे भाडेकरू घर कोंदट ठेवतात, खिडक्या उघडल्या की प्रश्न मिटतो,’ असा एक संदेश फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि घरमालकांच्या सोयीचाही.

स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांनी हवेत बाष्प वाढतं, हे खरं. पण ते पाणी होऊन बसतं ते थंड भिंतीवर, आणि भिंत थंड राहते ती बांधकामामुळे. शिवाय सगळी ओल बाष्पाची नसतेच. जमिनीपासून वर चढलेला डाग आणि त्याच्या कडेला फुललेले पांढरे क्षार दिसले, तर पाणी बहुधा घराच्या पायातून, जमिनीतून येतंय. छताजवळचा, पावसानंतर पसरणारा डाग गळतीचा. अशा ओलीत खिडकी दिवसभर उघडी ठेवा, काही फरक पडणार नाही. वरून रंग मारणं तर निव्वळ झाकाझाकी. ओल राहिली की बुरशी परत येतेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत ओल आणि बुरशीचा संबंध दमा व श्वसनाच्या तक्रारींशी जोडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 1991 मध्ये पुरेशा निवाऱ्याची व्याख्या करताना ओलीपासून संरक्षण आणि राहण्याची कायदेशीर शाश्वती (म्हणजे मनमानीने घराबाहेर न काढलं जाण्याची हमी), दोन्ही धरलं.

‘मग तक्रार का करत नाहीत?’ हेही त्याच संदेशात विचारलंय. दुरुस्ती मागितली की घर सोडायला सांगतील, ही भीती असते. तक्रारीनंतर ठरावीक काळ घर खाली करून घेता येणार नाही, असा नियम नसेल तर दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहतो.