प्रकल्प पळवला, पण सुटे भाग कुठले?

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आघाड्या आहेत: एक पुणे-नागपूर, दुसरी बडोद्याचा दांडिया बाजार, म्हणजे आम्ही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात टाटा-एअरबसचा विमान कारखाना नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्राऐवजी बडोद्याला आला. तेव्हापासून पुण्याचे मामेभाऊ आम्हाला ‘तुम्ही पळवलंत’ म्हणतात, जणू आमच्या बडोद्याच्या काकांनी रात्री टेम्पो लावून उचलून आणलं. काकाही कमी नाहीत, तेही वट मारून घेतात. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्यावरून एवढी जुंपली, तो कारखाना ना तळेगावला झाला ना गुजरातेतल्या धोलेऱ्याला. त्यावर मात्र दोन्हीकडून चिडीचूप.

मी मलेशियात पेनांगला एका कंत्राटी उत्पादक कंपनीत सोर्सिंग मॅनेजर आहे. दुसऱ्यांच्या नावाने विकली जाणारी यंत्रं आम्ही बनवतो. ग्राहक डिझाइन देतो, सुट्या भागांची यादी देतो, आणि ती यादी भरायची जबाबदारी माझी. प्रत्येक भागापुढे मंजूर उत्पादकांची नावं असतात. ग्राहकाच्या परवानगीशिवाय त्याबाहेरचा साधा रेझिस्टरही घेता येत नाही. २०२१च्या चिपटंचाईत किरकोळ किमतीच्या एका भागापायी अख्ख्या लाइन बसून राहिल्या. तेव्हापासून भावाच्या आधी मी तीन गोष्टी विचारतो. हाच भाग देणारा दुसरा कोण आहे? लॉट बाद झाला तर बदली माल किती दिवसांत? आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा), हीट ट्रीटमेंट (तापवून मजबुती देणं) कुणाकडून करून घेता? कारखाना कोणत्या राज्यात आहे, हे फक्त मालवाहतुकीचा हिशोब करताना समोर येतं.

पेनांगचं बस्तान बसलं ते याच प्रश्नांच्या उत्तरांवर. १९७२ मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र झालं, इंटेल आली, मागोमाग इतर आल्या. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची पिढी. त्या कंपन्यांत काम शिकलेल्या कित्येक टेक्निशियन-इंजिनिअरांनी बाहेर पडून जिग-फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारे साचे), तपासणीची यंत्रं बनवणारे आपले कारखाने टाकले. १९८९ मध्ये उद्योग, सरकार आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून कौशल्य केंद्र काढलं. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं तिथे एकाच वर्गात बसून शिकतात. आज सकाळी ड्रॉइंग पाठवलं तर संध्याकाळी कुणीतरी नमुना घेऊन दारात उभा असतो.

बडोद्याला यात नवीन काही वाटू नये. सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली १८९० मध्ये, पेनांगच्या केंद्राच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी करणाऱ्या तिघांत गज्जर आणि अमीन गुजराती, तर कोटीभास्कर मराठी. तेव्हा कुणी कुणाचं काय पळवलं म्हणायचं?

पेनांगची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. पन्नास वर्षांनंतरही इथलं पुष्कळसं काम जोडणी आणि चाचणीचं, डिझाइन परक्यांचं. लाइनवर नेपाळी, बांगलादेशी मुलं बारा-बारा तास उभी असतात. काहींनी इथे येण्यासाठी दलालाला द्यायला काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. बडोद्याने याची नक्कल करावी, असं मी कधी म्हणणार नाही.

आता विमानाकडे. हवाई दलासाठी एकूण ५६ सी-२९५ मालवाहू विमानं. त्यातली पहिली १६ स्पेनमध्ये तयार झालेली, उरलेली ४० बडोद्यात जुळवायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं. काकांचा आनंद मला समजतो. पण माझा एक शाळूसोबती बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) मशिनं चालवतो. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं मिलिंग मी इथे कुणालाही अभिमानाने दाखवीन. विमानाच्या भागाला मात्र तेवढं पुरत नाही. अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं), हीट ट्रीटमेंट, भेगांची तपासणी या प्रत्येक प्रक्रियेला ‘नॅडकॅप’सारखी वेगळी मान्यता लागते. एकट्या छोट्या वर्कशॉपला ती झेपत नाही. दहा-वीस जणांना मिळून वापरता येईल असं मान्यताप्राप्त ट्रीटमेंट युनिट हाकेच्या अंतरावर असलं, तर तोही त्या साखळीत शिरू शकतो. नाहीतर विमान बडोद्याचं आणि त्याच्या पोटातले भाग भलतीकडचे. मिहानला कारखाना झाला असता, तरी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या वर्कशॉपवाल्याचं दुखणं हेच राहिलं असतं. ‘आमचा प्रकल्प’ म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणी त्याबद्दल बोललेलं मी वाचलेलं नाही.

आणि पैसे. माझ्या मित्राच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल सहा-सहा महिने अडकतं. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असं २००६ चा कायदा सांगतो. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टलही निघालं. एप्रिल २०२४ पासून तर वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्चात धरता येत नाही, म्हणजे खरेदीदाराला करात फटका बसतो. एवढं असूनही मित्र तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून यायची असते. मी स्वतः खरेदीच्या खुर्चीत बसतो म्हणून सांगतो, तो तक्रार करणार नाही हे पलीकडच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.