घरचा डबा, पार्किंगमधलं ऊन आणि एक फॉरवर्ड

एप्रिल उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा आत्तेभावाने टाकला. खाली पाच-सहा जणांनी हात जोडले आणि आत्याने लिहिलं, "छान माहिती." सांगणं थोडक्यात असं: मुलांना वॉटर पार्कला किंवा थीम पार्कला नेताना घरचाच डबा न्या. पार्कवाले बाहेरचं खाणं अडवू शकत नाहीत, कोर्टाचा निकाल आहे. डबा गाडीत सावलीला ठेवा, काच थोडी उघडी. दहीभात थंड, उन्हात दिवसभर टिकतो. बटाट्याच्या भाजीवर लिंबू पिळलं की ती संध्याकाळपर्यंत बिघडत नाही. सगळं गरम असतानाच फॉइलमध्ये घट्ट बांधा. खाण्याआधी वास घ्या, आंबूस नसेल तर बिनधास्त खा. पाण्याची बाटली गोठवू नका, प्लॅस्टिकचं विष उतरतं. खिशात कांदा ठेवा, ओआरएसचे खोके प्या, आणि टिश्यू विसरू नका.

घरचा डबा न्यायला माझी हरकत नाही. चौघांचं जेवण आत विकत घ्यायचं म्हटलं की पाकीट कसं हलकं होतं ते मलाही माहीत आहे. हरकत आहे ती "घरचं आहे म्हणजे टिकणारच" या भरवशाला. जंतूंना घरचं-विकतचं कळत नाही. ओल, ऊब आणि वेळ मिळाला की त्यांचं भागतं, आणि हा मेसेज तंतोतंत पाळला तर तिन्ही मिळतात.

आधी कोर्ट, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. २०१८च्या जुलैत विधान परिषदेत घोषणा झाली होती की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ नेता येतील. ती बातमी जोरात फिरली. पुढच्याच महिन्यात सरकारने मुंबई उच्च न्यायालयात वेगळा सूर लावला, ते मात्र फारसं कुणी फॉरवर्ड केलं नाही. मग ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात उलटाच निकाल दिला: थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं, की कुणी जिलबी आणून चिकट बोटं खुर्चीला पुसली तर? मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आणलेलं खाणं अडवायचं नाही, या गोष्टी त्याच निकालात आहेत. निकाल चित्रपटगृहांबद्दलचा आहे, पण गेटवर "कोर्टाने सांगितलंय" म्हणून हुज्जत घालणाऱ्याच्या हातात तो काही देत नाही.

मला वाटतं, या मेसेजचा अर्धा भाग इंग्रजी याद्यांवरून उचललेला आहे. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं खरंच आत नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. तिथल्या माणसाचा डबा त्याच्या पाठीवर असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत बॅगा गेटवरच तपासतात आणि डबा उलट पावली गाडीत जातो. म्हणजे सकाळी सहाला भरलेला डबा पार्किंगमध्ये तापत पडतो, आणि दुपारी कुणीतरी हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर येतं तेव्हा, नाहीतर थेट परतीच्या वाटेवर, उघडतो. आपला खरा प्रश्न हा आहे, आणि नेमका त्यावर मेसेज म्हणतो, "गाडीत सावलीला ठेवा."

कसली सावली? दहा वाजता झाडाखाली लावलेली गाडी एक वाजता भर उन्हात असते. सूर्य काही पार्किंगची पावती घेऊन एका जागी थांबत नाही. बंद गाडीतली हवा किती तापते हे मोजलेलं आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर अवघे २२ अंश असताना आतलं तापमान तासाभरात ४७पर्यंत गेलं होतं. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. मे महिन्यात खोपोलीच्या पार्कबाहेर सुरुवातच पस्तिशीपासून. डिक्कीत काचेतून थेट ऊन येत नाही म्हणून ती सीटपेक्षा जरा बरी, एवढंच.

अन्नसुरक्षेतला साधा नियम असा आहे की ५ ते ६० अंशांच्या मधे शिजवलेलं ओलं अन्न रेंगाळू द्यायचं नाही. गरम ठेवायचं तर ६०च्या वर, गार ठेवायचं तर ५च्या खाली. अमेरिकी सरकारी खातं दोन तासांची मुभा देतं, पण बाहेर ३२ अंशांहून जास्त असेल तर एकच तास. मनासारखी ऊब मिळालेला जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे कागदावर एकाचे तासात आठ आणि सात तासांत वीस लाखांच्या वर. प्रत्यक्षात गाडी इतकी सुसाट जात नाही, पण दिशा तीच.

आता दहीभात. "थंड" हा त्याचा गुण पोटाला लागू असेल, डब्याला नाही. ३८ अंशांत ठेवलेला दहीभात ३८ अंशांचाच होतो. पण मेसेज इथे अगदीच खोटा नाही, हेही सांगितलं पाहिजे. दह्याच्या आंबटपणाला बरेच जंतू टिकत नाहीत, म्हणून आंबट दह्यात कालवलेला भात साध्या भातापेक्षा नक्कीच सुरक्षित. गोम अशी की प्रवासाचा दहीभात आपण तसा करतच नाही. वाटेत आंबू नये म्हणून भरपूर दूध आणि विरजणापुरतं दही घालतो. म्हणजे पहिले काही तास तो जवळजवळ दूधभातच असतो. वर काकडी, डाळिंबाचे दाणे. आणि भात बहुधा रात्रीचा, ओट्यावर कुकरमध्येच निवलेला.

भाताचा स्वतःचा एक जंतू आहे, बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर उकळूनही जात नाही. त्यामुळे "फोडणी गरमागरम ओतली होती" या म्हणण्याला अर्थ नाही. दहीभात न्यायचाच असेल तर भात परातीत पसरून पटकन गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी फ्रिजमधल्या आंबट दह्यात कालवावा आणि बर्फासोबत न्यावा. नाहीतर घरी येऊन खावा. मी तेच करते.

बटाट्याच्या भाजीचं मी अनुभवावरून बोलते. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात डोंबिवलीहून आम्ही नऊ जण निघालो. पहाटे चारला उठून मी दोन किलो उकडलेले बटाटे सोलले. आदल्या दिवशी विळीवर बोट कापलं होतं, त्याला पट्टी होती. ती ओली झाली म्हणून काढून टाकली आणि तशीच सोलत राहिले. भाजी पिवळीधमक, वर लिंबू, कोथिंबीर आणि हौसेने ओलं खोबरं. अडीच वाजता गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला. चव उत्तम, वास उत्तम, वहिनीने तर पाककृती विचारली. पाच वाजता भाचा उलट्या करू लागला आणि पनवेल यायच्या आत आणखी तिघं. त्या वेळेचं गणित आणि माझं बोट पाहता संशय स्टॅफिलोकोकसवर जातो. हा आपल्या नाकात, त्वचेवर, जखमेत असतो, हातावाटे अन्नात उतरतो आणि त्याचं विष साधारण एक ते सहा तासांत रंग दाखवतं. शिजवल्यानंतर हात लागलेला उकडलेला बटाटा म्हणजे त्याला आंदणच.

लिंबाने काय होतं? चव येते. दोन किलो भाजी जंतूंना नकोशी वाटेल इतकी आंबट करायला जेवढं लिंबू लागेल, तेवढं घातलं तर ती माणसांनाही नकोशी होईल. भाजीसोबत नेलेल्या पुरीचा मात्र यात काही दोष नाही. तिखटमिठाची, कडक तळलेली पुरी प्रवासाला उत्तमच. बिघडली ती सोबतची भाजी.

वास घ्या, हा मुद्दा यातच निकालात निघाला. अन्नाला घाण वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बऱ्याचदा वेगळे. आंबूस वास आला तर टाकावंच, पण वास नाही म्हणजे हिरवा कंदील मिळाला असं नाही.

फॉइलचं सांगणं तर आपल्या आज्यांच्याही विरुद्ध आहे. गरम पोळी डब्यात कोंबली की त्या म्हणायच्या, "वाफ धरेल." फॉइल घट्ट बांधलं की आत घाम सुटतो, पोळी खालून ओलसर होते, आणि बंद पुडीत ऊब तासन्‌तास कोंडून राहते. हॉटपॉटचंही तसंच. सकाळी सहाचा उपमा त्यात दुपारी "अजून कोमट आहे" म्हणून आपण खूश होतो. कोमट हीच तर अडचण आहे. पोळ्या-पुऱ्या चाळणीवर किंवा कागदावर पूर्ण निवू द्याव्यात आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात भराव्यात.

गोठवलेल्या बाटलीतून विष उतरतं हे जुनं इंग्रजी ई-मेल आता मराठीत आलंय. प्लॅस्टिकमधून काही पाझरायचं तर ते उष्णतेने जास्त पाझरतं, थंडीने कमी. म्हणजे भ्यायचंच असेल तर डॅशबोर्डवर तापलेल्या बाटलीला भ्यावं. उलट गोठवलेली बाटली ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची वस्तू आहे. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी ८० अंशांनी तापेल. म्हणून फ्रिजमधलं गार पाणी तासाभरात कोमट होतं आणि बर्फ तग धरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नये. गार हवा खाली बसते, म्हणून बाटल्या डब्याच्या वर ठेवाव्यात. मासळीवाले वापरतात तसा थर्माकोलचा खोका मिळाला तर सोनं. नाहीतर जुनी गोधडी गुंडाळा. गोधडी माणसाची ऊब धरते तशी बर्फाचा गारवाही धरते.

कांद्यावर शब्द घालवत नाही. तो चटणीबरोबर खावा.

ओआरएसबद्दल मात्र सावध. दुकानात त्या नावाने मिळणारे कित्येक खोके साखरेची सरबतं होती. २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात "ओआरएस" शब्द वापरायला मनाई केली. खरं ओआरएस औषधाच्या दुकानातल्या पुडीत मिळतं आणि ते जुलाब-उलट्यांत गेलेलं पाणी भरून काढायला असतं. नुसत्या घामासाठी पाणी आणि खारट खाणं पुरतं. मी कोकमाचं आगळ नेते. मिठातलं असल्याने ते उन्हात बिघडत नाही, आणि गोठवलेल्या बाटलीतलं पाणी सुटलं की त्यात दोन चमचे घालायचं.

डब्यात मग काय, असं आत्याने विचारलंच. त्या प्रसंगापासून आमच्याकडे दुधात भिजवलेल्या दशम्या, कांदा न घातलेले धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची आणि लसूण-सुक्या खोबऱ्याची कोरडी चटणी, लोणचं, गूळ, भडंग एवढंच असतं. कांदा घातला की धपाट्याला ओल सुटते आणि तो चार तासांत मऊ पडतो. तिळाचं आणि तेलाच्या मोहनाचं प्रमाण वाढवलं की कांद्याची उणीव भासत नाही. फळं अख्खी: केळी, मोसंबी. कलिंगड चिरून नेऊ नये, जागेवर कापायची सोय नसेल तर राहू द्यावं.

राहता राहिले टिश्यू. ते न्यावेतच, पण टिश्यूने हात पुसले जातात, धुतले जात नाहीत. राइडच्या दांड्याला दिवसभर शेकडो हात लागलेले असतात. दुकानात कागदी साबणाची छोटी डबी मिळते, ती चटणीच्या डब्यालाच रबर लावून बांधून ठेवली आहे.