‘घाण पडून जाते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी आत्ती कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय 57, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोन महिने झालं, अधनंमधनं लाल डाग दिसतोय. पण ते बरं असतंय म्हणं. साठलेली घाण पडून जाती." हे तिला भिशीच्या ग्रुपवर आलेल्या ‘पाळी जाताना काय करावे’ या मेसेजनं शिकवलं होतं. त्यातलं वाक्य असं: ‘पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेले तर घाबरू नका, शरीर शुद्ध होत आहे.’

हे धडधडीत खोटं आहे आणि जिवावर बेतणारं आहे. पाळीचं रक्त ही घाण नव्हेच. दर महिन्याला गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढतं आणि गळतं. बीजकोशांचं काम थांबलं की ते वाढणंही थांबतं, मग साठायला राहतंच काय? सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टर गाठायचा.

2018 साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात 129 अभ्यास एकत्र तपासले गेले. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या जवळजवळ 90 जणींना असा रक्तस्राव झाला होता. आणि असा रक्तस्राव झालेल्या शंभरातल्या साधारण 9 जणींना कॅन्सर निघाला. बाकीच्यांचं कारण साधं असतं, सुकलेलं अस्तर नाहीतर पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ. पण आपण कुठल्या गटातल्या, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते, गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो. बाईला वेळेवर मिळालेली सूचनाच हा मेसेज दाबून टाकतो!

त्याच मेसेजात पुढं आहे: ‘तांबडा रस्सा आणि चहा सोडा, अंगातल्या वाफा बंद होतील.’ यात थोडं खरं आहे, मान्य. तिखटानं, गरम चहानं काहीजणींच्या वाफा उसळतात. त्यांनी कमी करावं. पण वाफांचं मूळ इस्ट्रोजेन हे हार्मोन घटण्यात आहे, रश्श्यात नाही.

‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर.’ ही भीती 2002 सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला हे खरं, पण वाढ दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे 8 इतकी होती, आणि त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना या गोळ्या सहसा देत नाहीत. पण पन्नाशीत रात्र-रात्र घामानं जागणाऱ्या बाईनं डॉक्टरांना विचारायचंसुद्धा नाही?

‘चाळिशीनंतर पिशवी काढून मोकळे व्हा.’ बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बीजकोशही काढले तर वाफा, हाडांची झीज सगळं एकदम अंगावर येतं.

मेसेजात अळशी खा असंही आहे. त्याबद्दल भांडत नाही, खायची तर खा.

आत्तीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, तुकडा घेतलाय, रिपोर्ट सोमवारी मिळेल. बाहेर बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, "ग्रुपवर तूच लिही. माझं नाव नको घालू, पण लिही. आमच्यातल्या अजून दोघी असंच सांगत होत्या."