‘धंद्यात तर्कशास्त्राचं काय काम?’

‘धंदा पुस्तकी तर्काने नाही, आतल्या आवाजाने चालतो. यशस्वी उद्योजक बघा. तत्त्वज्ञान घोळत बसलात तर संधी निघून जाते.’ अशा आशयाचा मजकूर सध्या खूप फिरतोय. मला तो नुसता चुकीचा नाही, धोकादायक वाटतो.

आधी यशस्वी उद्योजकांचा दाखला. आतल्या आवाजाचं ऐकून बुडालेलेही पुष्कळ असतात, त्यांची भाषणं कुणी ठेवत नाही. जो हेतू, म्हणजे कारण म्हणून दिलेली गोष्ट, यश आणि अपयश दोन्हीकडे सापडतो, त्यावरून अनुमान निघत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, अशा फसव्या कारणाला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. अंतःप्रेरणा निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. परिस्थितीत नियमितपणा असेल आणि आपली चूक लवकर कळत असेल, तिथे अनुभवी माणसाचा अंदाज भरवशाचा असतो. पण नव्या बाजारात उतरण्याचा निर्णय चुकला हे कळायला कधी कधी वर्षं जातात.

‘तर्काचं काम नाही’ हा मुद्दा सगळ्यात घातक. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी बजावलं होतं की, थंडीत रॉकेटच्या जोडांतल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण नको. कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं आणि सल्ला फिरवला गेला. उड्डाण असुरक्षित आहे हे तुम्हीच सिद्ध करा, असा आपल्यावर दबाव होता, अशी साक्ष अभियंता रॉजर बोइजोली यांनी नंतर दिली. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारीच उलटवली गेली! दुसऱ्या दिवशी ‘चॅलेंजर’ ७३ सेकंदांत फुटलं, सात जणांचा जीव गेला. पुढे चौकशी आयोगाने दाखवलं की, तापमानाचा विचार करताना फक्त कड्यांत बिघाड झालेली उड्डाणं पाहिली गेली होती. बिनदोष उड्डाणंही मोजली, तर ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तीनमध्ये बिघाड होता, ६३ किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत होता. आकडे हाताशी होते. कोणते आकडे पुरावा ठरतात, हा प्रश्न विचारला गेला नाही.

राहिला उशीर. १९८५ मध्ये इंटेल या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा मेमरी चिपचा धंदा जपानी स्पर्धेपुढे ढासळत होता आणि वरिष्ठांचं जवळपास वर्षभर काही ठरत नव्हतं. वरिष्ठांपैकी अँडी ग्रोव्ह यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर लगेच म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले. हा निव्वळ वैचारिक प्रयोग होता, आणि वर्षभराची कोंडी त्यानेच फोडली.