जॅक्सनच्या १४ जर्सी

काल कट्ट्यावर चक्क बेसबॉलवरून जुंपली. विषय एडविन जॅक्सन. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वात वरची बेसबॉल लीग. तिथला हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, १४ संघांकडून खेळला. २०२५ मध्ये रिच हिल या दुसऱ्या पिचरने बरोबरी करेपर्यंत त्याच्या शेजारी कोणी नव्हतं.

"ज्याला एकानेही धड ठेवून घेतलं नाही, त्याचं कसलं कौतुक?" अण्णा म्हणाले. "त्याच्या नावावर १०७ विजय, १३३ पराभव. हिशेब उघड आहे."

"अण्णा, १३३ हरायला आधी तेवढ्यांदा चेंडू हातात मिळावा लागतो," मी म्हटलं. "वाईट पिचरला इतकं हरू देतं कोण?"

बापूने २५ जून २०१० चा सामना काढला. ॲरिझोनाकडून, जुन्याच संघाविरुद्ध, टँपा बेच्या मैदानात. पहिल्या तीन डावांत चुकीचे चेंडू टाकून सात फलंदाजांना फुकट पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) दिला. तिसऱ्या डावात तर तिन्ही बेस भरलेले आणि एकही बाद नाही. दुसरा कोणी असता तर तिथेच बाहेर बसला असता. हा एकही धाव न देता सुटला, आणि टाकतच राहिला. शंभर चेंडूंच्या आसपास पिचर बदलायचा जमाना, याने १४९ चेंडू टाकले. शेवटपर्यंत एकही हिट नाही, म्हणजे फटका मारून कुणी बेस गाठला नाही. १-० ने जिंकले.

"मग ठेवला ना त्याला?" अण्णा.

"पाच आठवड्यांत शिकागोला दिला."

अण्णा गप्प झाले. मला हेच सांगायचं होतं. तिथे खेळाडूला सहसा विचारत नाहीत, संघ आपसात व्यवहार करतात. ज्याला मागणी, त्याचीच देवघेव. विसाव्या वाढदिवशी पहिल्याच सामन्यात रँडी जॉन्सनसारख्या दिग्गज पिचरला हरवणारा पोरगा नकोसा कसा असेल?

"तरी घर नाहीच झालं त्याला," अण्णा हळूच म्हणाले. तेही खरं. प्रत्येक वेळी चेंडू झेलणारा नवा कॅचर, त्याच्या नव्या खुणा, नवं गाव. याची किंमत आकड्यांत दिसत नाही.

२७ जुलै २०११ ला तर एकाच दिवसात त्याचे दोन सौदे झाले: शिकागोहून टोरोंटो, टोरोंटोहून लगेच सेंट लुइस. त्याच मोसमात सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकली. टोरोंटोची जर्सी मात्र अंगाला लागलीच नाही.

ती त्याने घातली आठ वर्षांनी, मे २०१९ मध्ये. तीच चौदावी.