‘ओल्ड नंबर वन’ : तीच गाडी की दुसरी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक होती, पण अभ्यास करून लिहिलेली होती. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवावासा वाटला नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या रेसिंग गाडीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की ही मूळ गाडी 1929 ते 1932 अशी सलग शर्यती धावली. त्यावर तुम्ही म्हणता : इंजिन दुसरं, सांगाडा दुसरा, बॉडी दुसरी. आपल्याकडे आरसी बुकातला चॅसी नंबर गाडीशी जुळला नाही तर आरटीओ ती गाडी मान्य करत नाही. मग सुट्या भागांच्या ढिगाला एक नाव देऊन सगळे विजय तिच्या खात्यावर जमा करायचे, हा भाबडेपणा झाला.

‘मूळ’ हा शब्द माझा चुकलाच. लेखात तो तीन ठिकाणी होता, तिन्ही ठिकाणचा काढला आहे. ‘तीच गाडी’ हे शब्द मात्र ठेवले आहेत आणि ते का ठेवले हे सांगायलाच हे उत्तर.

साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरची ही ‘स्पीड सिक्स’ लंडनच्या क्रिकलवुडमधल्या बेंटली कारखान्याने स्वतःच्या टीमसाठी बांधली. जून 1929 मध्ये फ्रान्समधल्या ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत तिच्यावर 1 नंबर रंगवलेला होता, तिच्या नावातला ‘नंबर वन’ तोच. वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन या ड्रायव्हरांनी 174 फेऱ्या, म्हणजे 2,843 किलोमीटर अंतर कापून ती शर्यत जिंकली. पहिल्या चारही जागा बेंटलीच्याच होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरची सहा तासांची शर्यत तिने जिंकली, या वेळी बार्नाटोबरोबर जॅक डनफी होता.

या दोन शर्यतींमध्ये जेमतेम दोन आठवडे होते. एवढ्या अवधीत 24 तास पिळवटून निघालेली गाडी पुन्हा उभी करायची, तर कारखान्यातले फिटर काय करत असतील, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही स्वतः रीबोअरिंगचं, म्हणजे झिजलेले इंजिन सिलिंडर पुन्हा कोरून देण्याचं वर्कशॉप चालवता. इंजिन खोलायचं, झिजलेलं काढायचं, शंका येईल ते बदलायचं. रस्त्यावरच्या गाडीत पार्ट बदलणं म्हणजे बिघाड. कारखान्याच्या रेसिंग गाडीत तो रोजचा रिवाज, आणि जी गाडी जास्त धावली तिच्यात जुनं कमी उरणार, हे ओघानंच आलं. ज्या रेसिंग गाडीचा प्रत्येक नटबोल्ट पहिल्या दिवसाचा आहे, ती बहुधा फारशी धावलेलीच नसते.

शर्यतीच्या आत मात्र नियम उलटा होता. त्या काळी ले मान्सला गाडी बिघडली तर दुरुस्ती ड्रायव्हरनेच करायची आणि तीही गाडीत बरोबर घेतलेल्या हत्यारांनी आणि सामानाने. म्हणजे ध्वज पडल्यापासून 24 तास ती गाडी एक अखंड वस्तू असे. तिथे अदलाबदलीला वावच नव्हता.

1930 ची ले मान्स मला सगळ्यांत आवडते. समोर रुडॉल्फ काराचिओला आणि ख्रिस्तियन वेर्नर यांची सात लिटरची, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेली मर्सिडीज, एकटीच. सुरुवातीलाच बर्किनने आपली ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरवाली) बेंटली गवतात चाक घालून मर्सिडीजच्या पुढे काढली आणि त्या भानगडीत त्याच्या टायरचे तुकडे उडाले. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत ‘ओल्ड नंबर वन’ने मर्सिडीजचा पिच्छा सोडला नाही. शेवटी मर्सिडीज थांबली ती विजेच्या बिघाडाने. दिव्यांशिवाय ले मान्सच्या रात्रीत कोण जाणार? बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी 2,930 किलोमीटर पूर्ण करून शर्यत जिंकली. बार्नाटो ले मान्सला तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. (हाच गृहस्थ सरे काउंटीसाठी यष्टिरक्षण करायचा, हे लेखात लिहायचं राहूनच गेलं होतं.)

या शर्यतीनंतर कारखान्याने रेसिंग थांबवलं. 1931 च्या जुलैमध्ये कर्ज थकल्याने कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे वसुलीसाठी नेमलेला प्रशासक, बसला आणि त्या वर्षाअखेरीस ती रोल्स-रॉइसकडे गेली. गाडी मात्र थांबली नाही. त्याच शरदात जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ब्रुकलँड्सची 500 मैलांची शर्यत तिच्यावर जिंकली, ताशी 118 मैलांहून जास्त सरासरीने.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 1932 साठी तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं. तुमच्या मते इथे ती गाडी संपली आणि पुढचं सगळं वेगळ्या गाडीचं.

24 सप्टेंबर 1932. पुन्हा तीच 500 मैलांची शर्यत. जॅकने आपली पाळी संपवून गाडी भावाच्या, क्लाइव्हच्या हातात दिली. ब्रुकलँड्सची वळणं म्हणजे काँक्रीटच्या कललेल्या भिंतीच. जितका वेग जास्त तितकी गाडी भिंतीवर वर चढते. मेंबर्स बँकिंग नावाच्या अशाच एका वळणावर क्लाइव्ह जरा जास्तच वर गेला, चाकं काठावरून सुटली आणि गाडी पलीकडच्या झाडांत कोसळली. क्लाइव्ह डनफी तिथेच गेला.

विजयांपुरती गाडी ‘खरी’ मानायची आणि इंजिन बदललं म्हणून हा मृत्यू दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या नावे टाकायचा, हे मला जमत नाही. ज्यांनी त्या दिवशी ती ट्रॅकवर आणली, त्यांच्या लेखी ती बार्नाटोचीच ले मान्सवाली बेंटली होती. एका भावाने आदल्या वर्षी तिच्यावर शर्यत जिंकली होती. दुसऱ्याने त्याच्याकडून ती घेतली, कुठल्या परक्या गाडीत तो बसला नव्हता.

हा वाद नुसता तुमचा-माझा नाही, लंडनच्या न्यायालयातही तो झाला आहे. अपघातानंतर बार्नाटोने ती कूपे, म्हणजे बंद छपराची दोन दारांची गाडी म्हणून पुन्हा बांधून घेतली, पुढे ती परत उघड्या रेसिंग रूपात आली. मग मालक एड हबर्ड यांनी ती एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. घेणारी कंपनी अडून बसली : ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, पैसे देणार नाही. 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. 1929 च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, जे किरकोळ भाग आहेत ते नक्की कधीचे हे ठरवता येत नाही, आणि 1930 च्या गाडीतलं उरलंय ते फक्त गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंग कॉलम आणि पेडलचा शाफ्ट. इथवर निकाल तुमच्या बाजूने आहे. पण पुढे त्यांनी म्हटलं की ही ‘मूळ’ गाडी नसली तरी ‘अस्सल’ आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटत नाही आणि कोणत्याही क्षणी ‘ओल्ड नंबर वन’ म्हणवून घेणारी दुसरी गाडी अस्तित्वात नव्हती. हबर्ड जिंकले.

ही दुसरी अट माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. काढलेल्या भागांतून कोणी दुसरी गाडी उभी करून तिलाही तेच नाव दिलं असतं, तर मी तुमच्या बाजूला आलो असतो. तसं झालं नाही. आरटीओचा नियम चोरीची गाडी पकडण्यासाठी आहे आणि तिथे तो योग्यच आहे. इथे प्रश्न चोरीचा नाही, एका गाडीच्या आयुष्याचा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, बार्नाटोने ‘ब्लू ट्रेन’ला (दक्षिण फ्रान्सहून कॅले बंदराला जाणाऱ्या आगगाडीला) हरवलं ते याच गाडीने का? नाही. मार्च 1930 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कान शहराहून निघून, ती ट्रेन कॅलेला पोचायच्या आत तो लंडनमधल्या आपल्या क्लबात जाऊन बसला, हे खरं. पण ती त्याची रोजच्या वापरातली स्पीड सिक्स होती, बंद बॉडीची सलून. चित्रांत नेहमी दिसणारी उतरत्या छपराची कूपे तर त्यानंतर तयार झाली.